जेलरबाईंचं दार

आमच्या जेलरबाई कुठल्याही दारातून नुसत्या जात नसत. आधी उंबऱ्याशी थांबायच्या, आत कोण कोण आहे ते बघायच्या, मग आत यायच्या आणि आल्यावर वळून दार नीट लागलं की नाही ते ओढून बघायच्या. ऑफिसचं दार असो, कपाटाचं असो, नाहीतर डबे ठेवायच्या फ्रिजचं. एकदा रिक्षातून उतरल्यावर सवयीने त्यांचा हात मागे गेला आणि रिक्षाला दारच नसतं हे लक्षात आल्यावर त्या रिक्षावाल्याकडे अशा बघायला लागल्या, की त्याने न मागता सुटे पैसे काढून दिले.

जेलरबाई हे नाव आम्ही ठेवलं होतं. त्या येरवड्याला राहत. आता येरवड्यात शाळा आहेत, बाजार आहे, माणसं राहतात. पण अस्सल पुणेकराला येरवडा म्हटलं की एकच इमारत आठवते. त्यात त्यांचे वडील खरोखरच त्या इमारतीच्या मोठ्या दारावर शिपाई होते आणि तिथूनच निवृत्त झाले. आणि तिसरं म्हणजे त्यांचं काम. आम्ही लिहिलेले प्रोग्राम तपासणं. त्यांनी 'पास' म्हटल्याशिवाय आमच्या कंपनीतून एक ओळ बाहेर जात नसे. त्यांचं खरं नाव सुजाता. समोर आम्ही मॅडम म्हणायचो आणि पाठीमागे जेलरबाई. हे त्यांना ठाऊक होतं, कारण पाठीमागे कोण काय बोलतं हे तपासणं त्या कामातच धरत.

कंपनी म्हणजे सदाशिव पेठेत एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या तीन खोल्या. खालून दात कोरायच्या मशीनचा आवाज यायचा आणि वर आम्ही कळफलक बडवायचो. देशाची दारं जगाला उघडली असं पेपरात रोज येत होतं. आमच्या खोलीची खिडकी मात्र उघडत नसे, कारण तिथे कूलर बसवला होता. घरी मी सॉफ्टवेअर इंजिनिअर होतो. प्रत्यक्षात माझ्याकडे काम काय होतं, तर संकेतस्थळावर नोंदणी करताना लोक जे युजरनेम लिहितात, ते चालण्यासारखं आहे की नाही हे ठरवायचं. आईला मी हे नीट समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे लोकांच्या नावांना नावं ठेवायची. ते काम आपल्या पेठेत आजवर फुकट व्हायचं."

या कामासाठी एक ओळ लिहावी लागते, तिला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. दिसायला ती कळफलकावरून मांजर चालत गेल्यासारखी असते. पण तो खरं म्हणजे दारावरच्या माणसाला दिलेला हुकूम असतो. आधी अक्षर पाहिजे, मग अक्षर नाहीतर आकडा, मोकळी जागा चालणार नाही, वगैरे. हुकमाच्या सुरुवातीला टोपीसारखी एक खूण करायची आणि शेवटी डॉलरचं चिन्ह. टोपी म्हणजे नाव इथून सुरू, डॉलर म्हणजे इथे संपलं. ही दोन चिन्हं नसली, तर दारावरचा माणूस आलेल्याचा फक्त मधला भाग बघतो. पोट ओळखीचं वाटलं की डोकं कुणाचं आणि पाय कुणाचे हे न बघता आत सोडतो. टोपी मी लिहायचो. डॉलर हमखास विसरायचो. सगळं पुणं डॉलरच्या मागे लागलेलं असताना मला तेवढा एक डॉलर लिहायचा आठवत नसे.

जेलरबाई टोपीला डोकं म्हणत आणि डॉलरला शेपूट. माझी ओळ त्यांच्याकडे गेली, की थोड्याच वेळात पॅसेजमधून आवाज यायचा, "बिनशेपट्या, इकडे ये." हे माझं कंपनीतलं अधिकृत नाव झालं होतं. नवीन लागलेली मुलं मला काही दिवस आदराने 'बिनशेपट्या सर' म्हणाली. त्यांना ते आडनाव वाटलं असावं.

त्यांची तपासायची रीत मला कधीच जमली नाही. मी माझी ओळ लिहून झाली की माझंच नाव टाकून बघायचो. ते आत गेलं की खूश. मग भावाचं, मग मित्राचं. सगळे सज्जन, सगळे आत. जेलरबाई म्हणायच्या, "ज्याला आत घ्यायचंय त्याला कशाला तपासतोस? जो यायला नको त्याला पाठव. दाराची परीक्षा त्याच्याकडून होते." आणि मग त्या नुसते आकडे पाठवायच्या, नुसती टिंबं पाठवायच्या, नाव पाठवून त्याच्या मागे अख्खा पत्ता चिकटवायच्या. माझ्या दारावरचा माणूस सगळ्यांना नमस्कार करून आत घ्यायचा.

एकदा त्यांनी मला येरवड्याला घरी जेवायला नेलं. त्यांच्या वडिलांनी दारात मला डोक्यापासून चपलांपर्यंत बघितलं. जेवण झालं, गप्पा झाल्या, आणि निघताना पुन्हा दारात थांबवून तसंच बघितलं. मी रस्त्यावर आल्यावर विचारलं, "आत येताना बघितलं ते समजलं. जाताना कशाला?" मॅडम म्हणाल्या, "मधे काही बदललं का ते." त्यांनीच सांगितलं, की तुरुंगाला एकामागे एक दोन दारं असतात आणि एक पुरतं बंद झाल्याखेरीज दुसरं उघडायचं नसतं. वडिलांच्या हातून हा नियम एकदाही मोडला नाही. "माझ्या दारातून चूक गेली नाही, एवढीच बाबांची कमाई," त्या म्हणाल्या. "माझीही तेवढीच असेल."

त्यांना कंपनीकडून एकच गोष्ट हवी होती, केबिन. त्यांचं टेबल स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या पॅसेजमध्ये होतं आणि कंपनीतला प्रत्येक माणूस दिवसातून अनेकदा त्यांच्या खुर्चीला धक्का देऊन जायचा. आम्ही लवकरच हिंजवडीला, काचेच्या मोठ्या इमारतीत जाणार होतो. तिथे मॅडम तपासणी विभागाच्या प्रमुख होणार, हे सरांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं. नव्या जागेचा नकाशा भिंतीवर चिकटवला होता आणि एका चौकोनात मॅडमचं नाव लिहिलेलं होतं. येता-जाता त्या नकाशासमोर थांबायच्या. दार कोणत्या बाजूला उघडेल यावर त्यांनी सरांशी वादही घातला होता. मी त्यांना दुसऱ्या कशासाठी इतकं हट्टाला पेटलेलं पाहिलं नाही.

त्याच सुमाराला एका वधूवर मंडळाचं काम आमच्याकडे आलं. मंडळाला संकेतस्थळ हवं होतं. अध्यक्ष फार सुसंस्कृत गृहस्थ. उकाड्यातही कोट घालत आणि शिपायालाही 'आपण' म्हणत. पहिल्या बैठकीत त्यांनी सगळ्यांची चौकशी केली. माझं आडनाव ऐकून त्यांचा चेहरा खुलला, पार मामांपर्यंतची ओळख निघाली. मग ते मॅडमकडे वळले.

"आपलं गाव कुठलं म्हणायचं?"

"येरवडा."

"नाही, मूळ कुठलं?"

"येरवडाच. वडील तिथल्या तुरुंगात होते."

अध्यक्षांनी चहाचा कप उचलला आणि बराच वेळ त्यातच बघत राहिले. जिना उतरताना मी म्हटलं, "अहो मॅडम, नोकरीला होते एवढं तरी सांगायचं." त्या म्हणाल्या, "त्यांना नोकरी कुठे विचारायची होती?" मॅडम बौद्ध. आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हापासून. अध्यक्षांना नेमकं काय विचारायचं होतं हे त्यांना पहिल्याच प्रश्नात समजलं होतं. मला ते जिन्याच्या शेवटच्या पायरीवर समजलं, आणि तेही मी ठेचकाळलो म्हणून थांबलो तेव्हा.

अध्यक्षांची अट अशी होती: युजरनेम म्हणजे नाव, मग टिंब, मग आडनाव. आडनाव हवंच, आणि तेही मंडळाच्या यादीतलंच. यादी त्यांनी सोबत आणली होती, सुबक टाइप केलेली. यादीबाहेरच्या आडनावाला दारातच नकार द्यायचा. "कसं आहे," ते म्हणाले, "आडनाव कळलं की पुढचं विचारायचा अवघडलेपणा राहत नाही."

मॅडमनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि माझ्यापुढे ठेवली. "माझं नाही यात," त्या म्हणाल्या. "तुझं आहे?"

"आहे."

"मग तूच लिही."

माझं आडनाव यादीत बरंच वर होतं, त्यामुळे त्या यादीत मला काही खटकलं नव्हतं. मला फक्त एवढंच दिसलं, की आडनावं पुष्कळ आहेत आणि टाइप करताना बोटं दुखणार. लिहायचं असं होतं: एक आडनाव, मग उभी काठी, मग दुसरं आडनाव, पुन्हा काठी. काठी म्हणजे 'किंवा'. हे किंवा ते किंवा ते. मी आडनाव लिही, काठी मार, आडनाव लिही, काठी मार, असा लयीत गेलो आणि त्या भरात शेवटच्या आडनावानंतरही काठी मारली. म्हणजे दारावरच्या माणसाला हुकूम गेला: हा किंवा तो किंवा तो, किंवा कुणीच नाही, म्हणजे आडनावाची जागा रिकामी असली तरी चालेल. त्यातून शेपूट मी रिवाजाप्रमाणे विसरलो होतो. त्यामुळे 'कुणीच नाही' म्हणून झाल्यावर मागे कुणीही उभा राहिला तरी बघायचं कारण उरलं नाही. त्या ओळीने अख्ख्या महाराष्ट्राला दार उघडून दिलं होतं. मी माझं नाव टाकून बघितलं. आत गेलं. खूश होऊन ओळ तपासायला पाठवली.

पॅसेजमधून 'बिनशेपट्या' अशी हाक आली नाही. दुपारी मॅडम स्वतः माझ्या टेबलाशी आल्या, माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "पास."

पहिल्याच फेरीत पास! असं माझ्या बाबतीत कधी घडलं नव्हतं. मी सगळ्यांना कोपऱ्यावरच्या अमृततुल्यमध्ये नेऊन चहा आणि क्रीमरोल दिले. तिथे उभ्या उभ्या रेग्युलर एक्स्प्रेशन कसं लिहावं यावर नवीन मुलांना व्याख्यान दिलं. शेपटाचं महत्त्वही सांगितलं. मॅडम माझ्यासमोरच उभ्या होत्या. मी विचारलं, "बरोबर ना मॅडम?" त्या म्हणाल्या, "चहा चांगला आहे."

संकेतस्थळ सुरू झालं. काही महिने शांततेत गेले आणि मग एका सकाळी अध्यक्ष कोट न घालता आले, त्यावरूनच काहीतरी गंभीर झालं असावं असं आम्ही ओळखलं. मंडळाच्या स्थळांत एक डॉक्टर मुलगा निघाला होता. दिसायला छान, शिकलेला, पुण्यात स्वतःचा दवाखाना, आणि आडनाव यादीबाहेरचं. तेवढ्यावर भागलं असतं, पण मंडळातल्या काही मुलींच्या आयांनी अध्यक्षांना फोन करून त्याची चौकशी केली होती. मग अध्यक्षांनी शोध घेतला, तर यादीबाहेरचे आणखी पुष्कळ निघाले. "आमच्या मंडळात ही मंडळी आली कुठून?" ते सरांना विचारत होते. खालच्या दवाखान्यात त्याच वेळी कुणाचा तरी दात कोरणं चाललं होतं.

अध्यक्ष गेल्यावर सरांनी मला आणि मॅडमना आत बोलावलं. मी ओळ उघडून बघितली आणि काठी दिसली. मग शेपूट दिसलं, म्हणजे दिसलं नाही. मी लगेच म्हणालो, "सर, चूक माझी आहे."

"ते सगळ्यांना ठाऊक आहे," सर म्हणाले. "तुझीच असणार. प्रश्न तो नाहीच. मॅडम, तुमच्याकडून कशी सुटली?"

मी इतक्या प्रामाणिकपणे कबुली दिली होती आणि तिची कुणाला गरजच नव्हती. सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी आवाज उतरवला. "हे बघा, नजरेतून सुटलं एवढं म्हणा. एखाद्या वेळी होतं. अध्यक्षांना मी सांभाळतो. पुढच्या महिन्यात हिंजवडी, तुमची केबिन, सगळं ठरल्यासारखं होईल."

बाहेर भिंतीवर नकाशा होता. दार उघडं असल्यामुळे बसल्या जागेवरून तो दिसत होता. मॅडमनी तिकडे एकदा बघितलं.

"सुटलं नाही," त्या म्हणाल्या. "दिसलं होतं."

"म्हणजे?"

"काठी दिसली, शेपूट नाही तेही दिसलं. पास मी केलं."

सरांनी हातातलं पेन मिटून खिशाला लावलं. "मग तपासणीचं प्रमुख तुम्हाला कसं करू, मॅडम?"

"नका करू," जेलरबाई म्हणाल्या, आणि बाहेर पडून सरांचं दार नीट ओढून घेतलं.

त्यांनी राजीनामा दिला. बंगलोरला काम मिळालं. नकाशावरच्या त्यांच्या नावावर पांढरा कागद चिकटला आणि पुढे त्या केबिनमध्ये प्रिंटर ठेवला. मला राहवेना. एका संध्याकाळी त्या स्कूटर काढत होत्या, तिथे गाठून मी विचारलं, "सुटलं म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं?"

"माझ्याकडून सुटत नाही," त्या म्हणाल्या. बस्स, तेवढंच कारण. केबिन गेली तरी चालेल, पण जेलरबाईंच्या नजरेतून काही निसटलं असं कुणी म्हणता कामा नये. मग हेल्मेट घालता घालता त्या म्हणाल्या, "त्या दिवशी मी माझं आडनाव टाकून बघितलं होतं. जो यायला नको त्याला पाठवायचं, माझी रीतच आहे ना. गेलं आत. तुझी ओळ पहिल्यांदाच बरोबर आहे असं मला वाटलं." आणि गेल्या. मी तिथेच उभा राहिलो. मला रडू येत होतं, आणि मागे एका काकांना गाडी लावायची असल्याने ते हॉर्न वाजवत होते. "इथे उभं राहायचं भाडं भरलंय का आपण?" असं त्यांनी विचारल्यावर मी बाजूला झालो.

ओळ दुरुस्त करायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. काठी काढायची, शेपूट लावायचं, इतकं सोपं. आयुष्यात पहिल्यांदाच आपण काय करतोय ते मला पूर्ण समजत होतं, आणि त्याची इतकी भीती वाटली, की मी दोनदा पाणी पिऊन आलो. सरांना नकार द्यायची माझ्यात धमक नव्हती. ती मॅडमची गोष्ट झाली. मी नेमक्या जागी डॉलर लिहिला. शेपूट लागलं. मग शेवटच्या आडनावानंतरच्या त्या जास्तीच्या काठीवर बोट ठेवलं आणि उचललं. काठी तशीच राहू दिली. ओळ तपासायला पाठवली.

तो मॅडमचा शेवटचा दिवस होता. टेबल रिकामं झालं होतं, एक डबा आणि पर्स तेवढी वर होती. पॅसेजमधून हाक आली, "इकडे ये." नुसतीच. बिनशेपट्या नाही.

मी जाऊन मागे उभा राहिलो. त्यांनी नाव, टिंब आणि एक यादीबाहेरचं आडनाव लिहिलं. नकार आला. दुसरं लिहिलं. नकार. मग स्वतःचं लिहिलं. नकार. माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "शेपूट लावलंस."

"हो."

त्या पडद्यावरच्या ओळीकडे बघत राहिल्या. काठी त्यांना दिसली, हे मला त्यांच्या मानेवरून कळलं. हा किंवा तो किंवा तो, किंवा कुणीच नाही, आणि इथे संपलं. त्यांनी सावकाश आपलं नाव टाइप केलं. सुजाता. पुढे टिंब दिलं. आणि हात मागे घेतला. टिंबानंतर काहीच नाही. मग एका बोटाने एंटर दाबलं.

पडद्यावर अक्षरं आली: आपले स्वागत आहे.

खाली दवाखान्यातलं मशीन थांबलेलं होतं. जेलरबाई उठल्या, डबा पर्समध्ये टाकला आणि माझ्याकडे वर-खाली, डोक्यापासून चपलांपर्यंत, एकदा नीट बघितलं.

"पास," त्या म्हणाल्या, आणि बाहेर पडल्या. ऑफिसचं दार त्यांनी त्या दिवशी ओढून बघितलं नाही. ते तसंच अर्धवट उघडं राहिलं आणि संध्याकाळपर्यंत ते लावायला आमच्यापैकी कुणी उठलं नाही.